शवासनात अटक

आजगावकर गुरुजींनी मला योगासनांच्या वर्गात घेतलं ते एका अटीवर. पोलिसांची परवानगी मी आणायची.

मी त्यांच्याकडे कंबर धरून गेलो होतो. डॉक्टरांचं म्हणणं, ही कंबर कचेरीतल्या खुर्चीनं धरली आहे, ती आता आसनांनीच सुटेल. गुरुजींचा वर्ग ठाकूरद्वारला आमच्याच वाडीच्या सभागृहात दर रविवारी सकाळी भरायचा. पण ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. सभागृह समितीच्या बैठकांनी अडवलेलं, म्हणून वर्ग वाडीच्या तोंडाशी उघड्या फरशीवर आला होता. त्यात सरकारनं जमावबंदी लावली. पाच माणसं एकत्र दिसली की तो जमाव, मग ती माणसं बाँबगोळे करोत की भुजंगासन.

"तुम्ही सरकारी नोकर आहात," गुरुजी म्हणाले, "तुमचं वजन पडेल."

माझं वजन हाच तर डॉक्टरांचा मुद्दा होता. पण त्याचा इतक्या आदरानं उल्लेख प्रथमच होत होता, म्हणून मी हो म्हणालो.

इथे माझं नाव सांगायला हवं. मी शरदचंद्र धैर्यवान. आम्ही पाठारे प्रभू. आडनाव पिढीजात आहे, त्यात माझं कर्तृत्व काही नाही. सरकारी कचेरीत हेडक्लार्कची जागा रिकामी होणार होती आणि ती मला मिळण्याची चिन्हं होती. त्यामुळे त्या वर्षी मी 'संयुक्त' हा शब्दच तोंडात येऊ देत नव्हतो. कोणी कुटुंबाविषयी विचारलं तरी 'एकत्र कुटुंब' म्हणायचो.

असा हा मी चौकीवर गेलो. तिथल्या कारकुनानं माझं म्हणणं ऐकून घेतलं.

"जमून काय करणार?"

"श्वास घेणार."

"घोषणा?"

"फक्त ॐ."

त्यानं ॐवर थोडा विचार केला आणि तो सोडून दिला. "बसून की उभ्यानं?"

"दोन्ही. शेवटी झोपून."

"झोपून?" त्यानं टाक खाली ठेवला. "बसण्या-उठण्याचं आम्ही बघतो. रस्त्यालगत झोपायचं म्हणजे वॉर्डाची कचेरी."

वॉर्डाच्या कचेरीत सांगितलं की रस्त्यालगत सामान मांडायचं असेल तर ते त्यांचं खातं. माणसं मांडायची असतील तर पोलिसांचं. मी पुन्हा चौकीवर आलो. कारकून आता मला ओळखू लागला होता. तो म्हणाला, "असं करा, झोपू नका. मग परवानगीचा प्रश्नच येत नाही."

"आणि झोपलो तर?"

"तर आम्ही आहोतच."

हे मला आश्वासन वाटलं. मी गुरुजींना जाऊन सांगितलं की काम झालं.

मग गुरुजींनी मला वर्गाची शिस्त सांगितली. कपडे पांढरे, सैल आणि धुतलेले हवेत. अंगठी, घड्याळ घरी ठेवून यायचं. पोट रिकामं हवं, अत्तर लावायचं नाही, आपली सतरंजी आपण आणायची. उशीर झाला तर लोकांच्या अंगावरून पुढे न घुसता मुकाट मागे बसायचं, आणि वर्ग अर्धवट टाकून जायचं नाही. "आणि शवासनात," ते बोट वर करून म्हणाले, "अंग संपूर्ण सैल सोडायचं. मी 'हरि ॐ' म्हणेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. आभाळ कोसळलं तरी."

एवढं सोपं होतं. पण मी हे घरी सांगितलं आणि आमच्या समोरच्या खोलीतल्या अण्णांनी ते ऐकलं. अण्णा पेन्शनर. तरुणपणी त्यांनी योगासनं केली होती असं ते सांगत, पण नेमकी कोणती ते सांगत नसत.

"रिकामं पोट म्हणजे सकाळी न खाणं नव्हे," अण्णा म्हणाले. "आदल्या दुपारपासून रिकामं. आतडी गुंडाळून ठेवल्यासारखी पाहिजेत."

आदल्या दिवशी शनिवार होता आणि आमच्याकडे कोबी-कोलंबीचं भानोलं होतं. त्याचा खरपूस वास अण्णांच्या खोलीपर्यंत गेला असणार, कारण ते बरोबर जेवायच्या वेळी माझ्या आतड्यांची चौकशी करायला आले आणि माझ्या वाट्याचं भानोलं खाऊन गेले. माझी बायको नलू एवढंच म्हणाली, "उद्यापासून ह्यांनाच पाठवा वर्गाला."

रात्रभर मी उपाशी. पहाटे वरच्या मजल्यावरच्या दुर्गामावशी आल्या. त्यांचं मत अगदी उलटं. रिकाम्या पोटी वाकलं की वात शिरतो आणि तो मग मरेपर्यंत निघत नाही. त्यांनी समोर उभं राहून मला वाटीभर पातळ तूप प्यायला लावलं. मी अण्णांचा नियम मोडला असं होऊ नये म्हणून ते मी औषध समजून प्यालो, आणि दुर्गामावशींचा मान राहावा म्हणून अन्न समजून. पोटाला ते काय समजावं हे शेवटपर्यंत कळलं नाही.

मग सामान. अण्णांनी त्यांची जुनी सतरंजी आणली आणि सुंभानं आवळून तिची वळकटी करून दिली. दुर्गामावशींनी पाण्याचा तांब्या दिला. घाम आल्यावर बदलायला नलूनं एक सदरा आणि टॉवेल पिशवीत घातला. मी पांढरा लेंगा-सदरा घालून, बगलेत वळकटी, हातात तांब्या असा जिना उतरू लागलो तेव्हा मजल्यामजल्यावर लोक दारात येऊन उभे राहिले. काहींनी तर नमस्कार केला. वर्ग आमच्याच वाडीच्या तोंडाशी होता, पण ह्या निरोपसमारंभामुळे मला उशीर झाला.

उशिरा येणाऱ्यानं मागे बसायचं. मी मागे गेलो. जिथे फरशी संपत होती तिथे माझी सतरंजी सुरू झाली, म्हणजे मी रस्त्यावर होतो.

आसनांविषयी फार बोलत नाही. बाकीचे लोक ओल्या फडक्यासारखे वाटेल तसे पिळले जात होते. मला मात्र वाकायला सांगितलं की माझे हात गुडघ्यांपर्यंत जात आणि तिथे त्यांना दुसरं काही काम निघे.

"धैर्यवान, वाका," गुरुजी समोरून म्हणाले.

"वाकलोय."

"मग तसं दिसू द्या."

सगळा वर्ग डोळे मिटून हसला. मी सरकारी नोकर आहे, माझ्या सहीशिवाय कागद हलत नाहीत, हे ह्या लोकांना नुसत्या लेंगा-सदऱ्यात बसल्यावर कसं कळावं? शेवटी शवासन आलं तेव्हा मी देवाचे आभार मानले. हे एक आसन मला जन्मापासून येत होतं. मी पसरलो, अंग सैल सोडलं, डोळे मिटले.

थोड्या वेळानं लांबून गलका ऐकू येऊ लागला. मग तो जवळ आला. घोषणा, शिट्ट्या, धावणारे पाय. मला वाटलं, गुरुजी आमच्या एकाग्रतेची परीक्षा बघताहेत. मी श्वास आणखी मंद केला. एवढ्यात माझ्या शेजारी कोणीतरी धपकन येऊन आडवं झालं. हा तर माझ्याहूनही उशिरा आला होता. मला त्याची कीव आली.

"नवीन का?" मी डोळे न उघडता हळूच विचारलं.

"नाय ओ," तो धापा टाकत म्हणाला. "जुना हाय मी. मागल्या टायमाला ठाण्यापर्यंत नेला होता आमाला."

ठाण्यालाही वर्ग असतो हे मला ठाऊक नव्हतं. "आधी श्वास सांभाळा," मी त्याला धीर दिला. "अंग सैल सोडा."

"तां माका ठावक हा," तो म्हणाला. "सैल सोडला की चौघांशिवाय उचलवत नाय त्यांना."

ह्याचा अर्थ मी लावतच होतो, तेवढ्यात कोणीतरी माझे पाय धरले आणि कोणीतरी बगलेत हात घातले. मी वर उचलला गेलो. प्रथम वाटलं, हे पुढचं आसन असावं. गुरुजींनी 'हरि ॐ' म्हटलं नव्हतं, म्हणून डोळे मिटलेलेच ठेवले.

"हा जुना खेळाडू दिसतो," माझ्या पायांकडून आवाज आला. "अंग बघ कसं सोडून दिलंय."

मग माझी पाठ लोखंडी फळ्यांवर टेकली. ती पोलिसांची निळी गाडी होती. माझी सतरंजी गुंडाळून, तांब्या-पिशवीसकट, एका शिपायानं मुद्देमाल म्हणून मागोमाग आत टाकली. माझ्या अंगावर आणखी माणसं येऊन पडली आणि त्यांत सगळ्यात वर आजगावकर गुरुजी होते. ते म्हणाले, "हरि ॐ." मी डोळे उघडले.

शेजारी पडलेला माणूस जयवंत नावाचा होता. लालबागचा, कापडगिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, काम करणारा. त्याचा मोर्चा पोलिसांनी ठाकूरद्वारच्या नाक्यावर अडवला तेव्हा त्याला पुढे रस्त्यावर काही माणसं आधीच शिस्तीत झोपलेली दिसली. त्याला वाटलं, ही गिरगावची तुकडी. तो येऊन शेजारी झोपला, आणि त्याच्यामागून सगळा मोर्चा झोपला. पोलिसांनी मग भेदभाव केला नाही.

चौकीवरच्या फौजदाराचा चेहरा बरेच दिवस झोप न झालेल्या माणसाचा होता. गुरुजींनी त्याला सांगितलं की आम्ही व्यायाम करणारे सज्जन आहोत. त्यानं शांतपणे ऐकलं.

"असं म्हणणारे रोज भेटतात," तो म्हणाला. "कोणी म्हणतो दूध आणायला निघालो होतो, कोणी म्हणतो सासऱ्यांना पोचवायला. तुम्ही योगवाले ना? मग एकेकानं पुढे यायचं आणि आसन करून दाखवायचं. ज्याला येईल तो घरी जाईल. ज्याला येणार नाही तो समितीचा."

न्याय चोख होता. गुरुजींनी तिथेच शीर्षासन केलं आणि उलट्या अवस्थेत फौजदाराला नमस्कार केला. त्यांच्यामागून कोणी पद्मासन घातलं, कोणी हलासन, एका भुसारी दुकानदारानं तर मयूरासन केलं आणि हवालदारांनी त्याला पुन्हा करायला लावलं. सगळे एकेक करून सुटले. शेवटी मी उरलो.

मी वाकलो. हात गुडघ्यांशी जाऊन थांबले.

"हे काय आसन?" फौजदारानं विचारलं.

"हे व्हायचं आहे अजून."

त्यानं मला नीट पाहिलं. "पांढरे कपडे. बगलेत वळकटी. तांब्या. हातात घड्याळ नाही, अंगठी नाही. पिशवीत काय आहे?"

"बदलायचा सदरा आणि टॉवेल."

"आज जेवलात काही?"

"कालपासून पोट रिकामं आहे."

"उपोषणसुद्धा," फौजदार लिहिता लिहिता म्हणाला. "तुमच्याइतक्या तयारीनं तर समितीचे लोकही येत नाहीत."

मी गुरुजींकडे पाहिलं. ते दारापर्यंत पोचले होते. फौजदारानं त्यांना विचारलं, हे तुमचे शिष्य का? गुरुजी सत्यवचनी. ते खूप अवघडले.

"आजच आले आहेत," ते म्हणाले. "आणि आजचं त्यांचं काम पाहता, शिष्य म्हणवत नाही."

फौजदारानं नाव विचारलं. मी सांगितलं. "शोभतं," तो म्हणाला आणि मला मोर्चेवाल्यांबरोबर आत पाठवलं.

कोठडीत जयवंतनं मला बसायला जागा करून दिली. मी त्याला माझी सगळी हकिगत सांगितली. तो ती सगळ्यांना पुन्हा सांगायला लागला, आणि सगळे इतके हसले की बाहेरून शिपाई डोकावून गेला. मला राग यायला हवा होता. पण कमरेमुळे का होईना, इतक्या दिवसांत कोणी माझ्यासोबत असं पोटभर हसलं नव्हतं.

"नुसतं बसून काय करायचा?" जयवंत म्हणाला. तो तालमीत जाणारा. "उठा शरदशेठ. तुमाला वाकवतो." त्यानं मला भिंतीशी उभं केलं, एकानं गुडघे धरले, दोघांनी पाठ दाबली. मी ओरडलो. ओरडणं लपावं म्हणून ते घोषणा द्यायला लागले. त्यांची घोषणा संपली की माझी किंकाळी एकटी पडायची, म्हणून मीही घोषणाच द्यायला लागलो. हा उद्योग दुसऱ्या दिवशी आम्हांला ताकीद देऊन सोडेपर्यंत चालला.

मी वाडीत शिरलो तर दारात अण्णा हार घेऊन उभे. गुरुजींनी येऊन सगळं सांगितलं होतं, पण गुरुजींवर कोणाचाच विश्वास बसला नव्हता. सगळ्यांनी मला वळकटी घेऊन निघताना पाहिलं होतं. अण्णांनी मला खुर्चीवर चढवलं.

"मी काही केलेलं नाही," मी लोकांना सांगितलं. "मी नुसता झोपलो होतो."

टाळ्या पडल्या. "बघा," अण्णा म्हणाले, "ह्याला म्हणतात विनय."

घरात आल्यावर नलूनं दार लावून घेतलं. "खरं काय?"

"मला आसन आलं नाही म्हणून ठेवून घेतलं."

"ते समजलंच होतं मला," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "आत घोषणा दिलीत?"

"दिली."

"मोठ्यानं?"

"बऱ्यापैकी."

मला न विचारता तिनं भानोल्याची परात पुढ्यात ठेवली. ते आज मुद्दाम पुन्हा केलेलं होतं. दारावर अण्णांची थाप पडली तेव्हा तिनं 'झोपलेत' म्हणून सांगितलं.

कचेरीत मात्र हार नव्हते. वर्तमानपत्रात अटक झालेल्यांची नावं आली होती आणि आमचे रांगणेकरसाहेब ते पान समोर पसरून बसले होते. रांगणेकरसाहेब म्हणजे सावलीलाही रजा मागून उन्हात जाणारे गृहस्थ. मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"मी वर काय कळवू?" ते म्हणाले. "'सदर कर्मचाऱ्यास वाकता येत नाही म्हणून अटक झाली'? कोण विश्वास ठेवील?"

"पण साहेब, तेच खरं आहे."

"मग वाकून दाखवा. म्हणजे, न वाकता दाखवा."

हेडक्लार्कची जागा आता माझ्या गुडघ्यांवर अवलंबून होती. लबाडी नको म्हणून मी अगदी प्रामाणिकपणे वाकलो. हात गुडघ्यांपर्यंत गेले, आणि थांबले नाहीत. पोटऱ्या गेल्या, घोटे गेले आणि माझे दोन्ही तळवे साहेबांच्या जाजमावर सपाट टेकले. जयवंत आणि मंडळींनी काम पक्कं केलं होतं. मला वर यायचं धाडस होईना. खालून मला फक्त साहेबांचे बूट दिसत होते आणि ते हलत नव्हते.

"धैर्यवान," वरून आवाज आला, "हे काय?"

"साहेब, परवापर्यंत हे येत नव्हतं."

बूट उठले आणि दाराकडे गेले. दार बंद झालं. मी समजलो, नोकरी गेली.

"वर या," साहेब अगदी खालच्या आवाजात म्हणाले. मी वर आलो. ते टेबलाच्या कडेवर टेकले होते, जसे मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "माझी मुलगी कॉलेजात आहे, लतिका. गोळीबारात माणसं मेली तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. म्हणते, सगळी मुंबई रस्त्यावर आहे आणि बाबा फायलींवर सह्या करताहेत. मी राजीनामा देऊ शकत नाही. माझ्याच्यानं मोर्चात जाववत नाही. मला भीती वाटते, धैर्यवान." त्यांनी वर्तमानपत्राचं ते पान घडी घालून ठेवलं. मग म्हणाले, "त्या वर्गात नवीन माणसं घेतात?"

"साहेबांची कंबर दुखते का?"

"कमरेचं मला काही नाही," साहेब म्हणाले.

माझ्याविषयी त्यांनी वर कळवलं ते असं: 'सदर गृहस्थ आरोग्याच्या कारणास्तव झोपले असता नेण्यात आले.' ह्यात खोडण्यासारखं कोणालाच काही सापडलं नाही.

पुढच्या रविवारी रांगणेकरसाहेब पांढऱ्या कपड्यांत, वळकटी आणि तांब्या घेऊन ठाकूरद्वारला हजर झाले. ते एकटे नव्हते. बंद दारातलं बोलणं कचेरीत सगळ्यांना ऐकू जातं. आमच्या खात्यातले निम्मे लोक आले होते आणि शेजारच्या खात्यातलेही. वर्गात कोणीही लोकांच्या अंगावरून पुढे घुसलं नाही. उलट, मागे बसण्यासाठी एवढी झुंबड उडाली की ट्रामचे रूळ सतरंज्यांखाली गेले. पुढे फरशीवर गुरुजी आणि मयूरासनवाला दुकानदार एवढेच.

"प्रथम ताडासन," गुरुजी म्हणाले.

"शवासन कधी?" मागून हिशेबखात्यातल्या एकानं विचारलं.

"आधी बाकीची आसनं शिकायची."

"ती आली तर घोटाळा होतो," तो म्हणाला. "सोडून देतात."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पायांकडे पाहिलं. त्यांनी सुस्कारा सोडला आणि थेट शवासन सांगितलं. सगळे आनंदानं पसरले. सगळ्यांचे डोळे मिटलेले, पण कान रस्त्याकडे. एक ट्राम येऊन थांबली, तिची घंटा वाजत राहिली. मग बुटांचा आवाज आला. एकाच माणसाच्या.

तो फौजदार होता. त्यानं कमरेवर हात ठेवून आमच्या रांगेकडे बराच वेळ पाहिलं.

"आज गाडी नाही," तो म्हणाला. "सगळ्या लालबागला गेल्या आहेत. घरी जा."

"आम्ही थांबू," साहेब डोळे मिटूनच म्हणाले.

"असे झोपलेले लोक मी कशाबद्दल नेऊ? घोषणा तरी देता येते का कोणाला?"

ट्रामची घंटा थांबली. मग साहेब उठून बसले. त्यांनी घसा साफ केला आणि टिपण सांगावं तशा आवाजात म्हणाले, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र—"

"झालाच पाहिजे," ट्राममधली माणसं गरजली. आमच्या गॅलरीतून नलूचाही आवाज आला. साहेब दचकले, मग उभे राहिले आणि पुन्हा म्हणाले, ह्या वेळी असे की त्यांच्या मानेच्या शिरा मला दिसल्या.

"बास झालं," फौजदार म्हणाला. तो थकलेला होता, पण हसला असं मला वाटतं. "या. पण चालत यावं लागेल. मी पुढच्या नाक्यावर जाऊन येतो. तुम्ही चौकीवर जाऊन बसा."

सगळ्यांनी सतरंज्या गुंडाळल्या. वर्ग अर्धवट टाकून जायचं नाही म्हणून गुरुजीही निघाले. साहेबांनी वळकटी बगलेत मारली, तांब्या उचलला आणि इकडेतिकडे पाहिलं.

"धैर्यवान, चौकी कुठे आली?"

कचेरीतल्या एवढ्या माणसांत ती फक्त मला ठाऊक होती. मी पुढे झालो.